पावणेएकची सावली

शाळेपुढे झेंड्याच्या कट्ट्यालगत शहाबादी फरशीचा एक पट्टा आहे. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी आम्ही तिथे पीव्हीसी पाइपचा एक तुकडा उभा केला. उंची ९० सेंटिमीटर, बुडाशी वाळूने भरलेला रंगाचा रिकामा डबा. पाइप सरळ उभा आहे की नाही, यावरच अर्धा तास गेला. मी म्हणत होते आहे, पोरं म्हणत होती नाही. शेवटी चौथीतला एक जण पळत घरी गेला आणि वडिलांचा ओळंबा घेऊन आला. वडील गवंडी. त्याने पाइपाशेजारी दोरी धरली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "उगवतीकडं वाईच कललाय, बाई." मी गप्प बसले. त्या दिवसाचं पहिलं मोजमाप माझ्या हातून झालं नाही, ही गोष्ट मला पुढे बरेच दिवस आवडत राहिली.

माझी शाळा माण तालुक्यात, द्विशिक्षकी. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. त्या वर्षी पट एकोणीस होता. आमच्याकडे विज्ञान नावाचा विषय नसतो, 'परिसर अभ्यास' असतो. हे नाव मला बरं वाटतं, कारण परिसर तरी आमच्याकडे भरपूर आहे. आदल्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते.' आज ते करून बघायचं होतं. एवढा साधा बेत.

साडेअकरापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूचा ठिपका आणि ठिपक्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. टेप एकीच्या आईच्या शिलाई मशीनवरची होती, पहिले दोन आकडे पुसट झालेले. दोघं मोजणार, बाकीचे वहीत लिहिणार, मग पाळी बदलणार. बाराला सावली भरली ५८ सेंटिमीटर. सव्वाबाराला पंचावन्न आणि वर थोडी. साडेबाराला चोपन्न. पावणेएकला साडेत्रेपन्न. एकला परत चोपन्न, सव्वाला पुन्हा पंचावन्न. मी शेजारीच उभी होते. आकडे माझ्या कानांनी ऐकले, दोनदा तर टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

संध्याकाळी वह्या घरी नेल्या. सतरा वह्यांमध्ये सर्वांत लहान सावली बारा वाजताची निघाली.

काहींनी नुसताच आकडा बदलला होता. काहींनी इतकं खोडलं होतं की कागद पातळ होऊन पलीकडचं पाढ्याचं पान दिसत होतं. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीचं काम मात्र सफाईदार. तिने ५८ आणि साडेत्रेपन्न यांची अदलाबदल केली होती आणि मधले आकडे असे बेताने चढवले होते की सगळी रांग कशी गुळगुळीत दिसावी. खाली अनुमान लिहिलं होतं, ठळक, अधोरेखित, माझ्याच फळ्यावरचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ घेऊन विचारलं. ती बिचकली नाही. "बाई, तुमीच लिवलंय की फळ्यावर." आणि वळून बघितलं तर खरंच, वाक्य अजून पुसलेलं नव्हतं.

तिला रागवायला माझ्याकडे तोंडच नव्हतं. अकरावी-बारावीला मी सायन्सला होते, तालुक्याच्या कॉलेजात. साध्या लंबकाचा प्रयोग असायचा. दोऱ्याला टांगलेला गोळा, स्टॉपवॉच, वीस आवर्तनांचा वेळ, आणि शेवटी गुरुत्वीय त्वरण यायला हवं ९८०. आमचं यायचं आठशे काहीतरी नाहीतर अकराशेच्या पुढे. मग ९८० वरून उलटं गणित करत वेळेचे आकडे काढायचे आणि ते जर्नलच्या तक्त्यात भरायचे, मधूनच एखादा दशांश मुद्दाम चुकवून, म्हणजे खरं वाटावं. याला आम्ही 'रीडिंग जुळवणं' म्हणायचो. खोटं बोलणं असं कुणी म्हणत नव्हतं. सरांची सही व्हायची, जर्नल सर्टिफाय व्हायची. दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की बाई गं, तुझं आठशे का आलं? खरं तर प्रयोगशाळेत विचारण्यासारखा तेवढा एकच प्रश्न होता.

तर हा धागा माझ्यापासून त्या नऊ वर्षांच्या मुलीपर्यंत आला होता, आणि मधली गाठ मीच मारली होती.

उरलेल्या दोन वह्यांचं सांगायचं राहिलं. एक वही अर्धवट होती, म्हणून तिच्यात खोटं शिरायला जागा मिळाली नाही. दुसरी एका मेंढपाळाच्या पोराची. त्याच्या वहीत सगळे आकडे जसेच्या तसे, पावणेएकच्या साडेत्रेपन्नाला गोल. मी फार हरखले. सगळ्या वर्गापुढे त्याचं कौतुक करायच्या बेतात होते, पण आधी नुसतं विचारलं, "तू का रे नाही बदललंस?" तो म्हणाला, "खोडरबर न्हवतं."

यावरून कुणी काही तात्पर्य काढायला जाऊ नये. मीही काढलं नाही. पण त्याच्याशी बोलताना दुसरं एक कळलं. त्याला सावलीचं सगळं आधीच ठाऊक होतं. वडिलांबरोबर रानात गेला की स्वतःची सावली पावलांनी मोजायची. ती पायाशी गोळा झाली की मेंढरं झाडाखाली बसवायची, पुन्हा लांबायला लागली की उठवायची. घड्याळ नाहीच मध्ये. बारा वाजता काय होतं हा प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता. तो पडायला शाळेत यावं लागलं.

फळ्यावरचं वाक्य मी पुसलं आणि विचारलं, आता काय लिहायचं? बराच वेळ कुणी बोलेना. मुलांना ही पद्धत पसंत नव्हती. बाईंनी चूक लिहिलं आणि आता आपल्यालाच विचारतात म्हणजे काय. मग एक जण म्हणाला घड्याळ पुढं असंल. चांगला मुद्दा होता. मोबाइल काढून ताडून पाहिलं, घड्याळ बरोबर. मग दुसरा म्हणाला, सूर्य मागं असंल. सगळे हसले. पण बरोबर तोच होता.

भारतभर एकच घड्याळ चालतं आणि ते लावलेलं असतं साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. तिथे सूर्य डोक्यावरच्या रेषेत आला की आपल्याकडे बारा वाजतात, मग आपला सूर्य कुठे का असेना. आमचं गाव त्या रेषेच्या साधारण आठ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं. आमची खरी दुपार होते साडेबाराला. मुंबईने तर हे दुसऱ्याचे बारा बराच काळ मानलेच नव्हते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी 'बॉम्बे टाइम' ३९ मिनिटं मागे राहून १९५५ पर्यंत चालू होता. हे पोरांना सांगितल्यावर त्यांना मुंबईबद्दल पहिल्यांदाच जरा आदर वाटला असावा.

हे सगळं मी पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पोरं रांगेत उभी करून, एकाच्या हातात बॅटरी देऊन, दोन तास खपून समजावलं. झालं असं वाटलं. हात झटकले. आणि गवंड्याचा पोरगा म्हणाला, "मग साडेबाराला पायजे हुती. पावणेएकला कशी आली?"

मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगितलं. हे वाक्य वर्गात म्हणायला मला बारा-तेरा वर्षांची नोकरी लागली.

रात्री वाचत बसले. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट किंचित लंबगोल, शिवाय तिचा आस कललेला. त्यामुळे सूर्याची दुपार वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत राहते. फेब्रुवारीच्या मध्याला ती सुमारे चौदा मिनिटं मागे असते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. बत्तीस आणि चौदा, शेहेचाळीस. पावणेएक! शिलाईच्या टेपने, खडूच्या ठिपक्यांनी, तिसरी-चौथीच्या पोरांनी ते पकडलं होतं, आणि सतरा जणांनी बिनचूक पकडून घरी जायच्या आत खोडलं होतं. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मुलांना हे सगळं कारण पूर्ण सांगता येणार नव्हतं, म्हणून एवढंच सांगितलं की सूर्य आणि घड्याळ वर्षभर शिवाशिवी खेळतात, दिवाळीनंतर परत मोजू. तेव्हा मोजलं. सव्वाबाराला आली.

आता मेणबत्तीचं सांगते. ते सांगायला जास्त जड जातं.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझा एक ठरलेला हुकमी प्रयोग होता. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं, पोरं 'आऽऽ' करतात. मग मी सांगायची: हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. पाणीही साधारण तेवढंच चढायचं. इतकं नेटकं, की शंका यायला फटच नाही. मला प्रशिक्षणात असंच सांगितलं होतं, आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असणार.

अशाच एका वर्षी पुढच्या दातांची खिडकी झालेली एक बारकी मुलगी ताटलीला नाक लावून बसली होती. ती म्हणाली, "बाई, जळत हुती तवा पाणी चढलं न्हाई. इझल्यावर चढलं."

मी म्हटलं, "खाली बस."

एवढंच. ओरडले नाही, मारलं नाही. ती खाली बसली.

तिने पाहिलं ते अक्षरशः खरं होतं. ऑक्सिजन जळता जळता संपत असता, तर पाणी सावकाश चढत गेलं असतं. ते चढतं मेणबत्ती विझल्यानंतर, एकदम. ग्लास ज्योतीवर पालथा घालताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी काठाखालून निसटतेही. नीट पाहिलं तर बुडबुडे दिसतात. ज्योत गेली की उरलेली हवा गार होते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत लोटतो. ऑक्सिजन थोडा खर्च होतो, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो, आणि मेणबत्ती विझते तेव्हाही ग्लासात पुष्कळ ऑक्सिजन शिल्लक असतो. पटत नसेल तर एका मेणबत्तीऐवजी तीन लावा. ग्लास तोच, हवा तेवढीच, पण पाणी जास्त वर चढतं. ऑक्सिजन तर तिप्पट झालेला नसतो.

हे मला काही वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी तीन मेणबत्त्या लावून सगळं घरी करून पाहिलं आणि ताटली तशीच ओट्यावर ठेवून बसून राहिले. ती मुलगी तोवर सातवी होऊन लांबच्या हायस्कूलला गेली होती. तिला हे आठवतही नसेल. मुलं असल्या गोष्टी विसरतात, फक्त एवढं शिकतात की दिसलं ते बोलू नये.

म्हणून हल्ली 'कृतियुक्त शिक्षण' हा शब्द ऐकला की मी जरा सावध होते. पोरांच्या हातात ताटली आणि मेणबत्ती दिली, ती दोन तास हसतखेळत राहिली, फोटो ग्रुपवर गेला, म्हणजे विज्ञान झालं असं नाही. माझाही प्रयोग हातांनीच केलेला होता. कृती होती, साहित्य होतं, आनंद तर होताच. फक्त काय दिसायला हवं ते आधी ठरलेलं होतं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जा. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फसफसणारा ज्वालामुखी हमखास असतो, शेजारी ठिबक सिंचन, शेजारी पुठ्ठ्याची पवनचक्की. तो ज्वालामुखी मला मुळीच आवडत नाही. ज्वालामुखीबद्दल त्यातून काहीच कळत नाही, आणि सोडा-व्हिनेगरबद्दल जे कळू शकलं असतं ते मातीच्या डोंगराखाली गाडलेलं असतं. मुलगी मात्र पाठ केलेलं भाषण न अडखळता म्हणते आणि परीक्षक मान डोलावतात.

आणि साहित्य नाही ही तक्रारही अर्धीच खरी. आधीच्या एका शाळेत विज्ञानपेटी होती, चांगली कुलपासकट. आत परीक्षानळ्या, लोहचुंबक, भिंगं, सगळं डेडस्टॉक रजिस्टरला नोंदलेलं. नळी फुटली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढायचा, कागद कोण रंगवणार? त्यापेक्षा पेटी बंद बरी. वर्षातून एकदा मोजदाद व्हायची, सगळ्या नळ्या भरायच्या. मी तिथून बदलून निघाले तेव्हाही एकही फुटलेली नव्हती.

याच्या अगदी उलटं काम मध्य प्रदेशात झालेलं आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमधून एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांच्या पुढाकाराने. पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, पण उत्तरं छापलेलीच नव्हती. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा. मुलं आपल्या शंका पोस्टाने 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक माणसाला पाठवत, आणि त्याच्याकडून उत्तरही येई. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, सरकारने तो कार्यक्रम बंद केला. पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून तिथे गेले होते. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी केलेले त्रिकोण-चौकोन पुढे देशभर पोचले, आणि नंतर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतून त्यांचे व्हिडिओ माझ्यासारखीच्या फोनपर्यंत. काड्यांचा त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन मात्र लगेच तिरपा होतो. पोरं हे करून बघतात आणि मग शाळेच्या पत्र्याखालच्या त्रिकोणी कैच्यांकडे माना वर करून बघत राहतात. तो क्षण मला फार आवडतो, त्यात मी काही बोलायचं नसतं.

न बोलणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं. तरंगणं-बुडणं घेते तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहते, अगदी खरोखर, नाहीतर हात पुढे जातो. चिखलाचा गोळा बुडतो, लोखंडी खिळा बुडतो, स्टीलची वाटी तरंगते. "जड बुडतं" हे पहिल्या पाच मिनिटांत मोडतं. मग "लोखंड बुडतं" मोडतं. मग कुणीतरी "पोकळ तरंगतं" काढतं आणि मला 'शाब्बास' म्हणायची इतकी घाई होते की जीभ चावावी लागते. तेवढ्यात एकाने डब्यातलं संत्रं टाकलं. तरंगलं. सोलून टाकलं. बुडालं! सोललं म्हणजे हलकं झालं, तरी बुडालं. पुढची वीस मिनिटं वर्गात जी भांडणं झाली ती पलीकडच्या खोलीतल्या सरांना ऐकू गेली. ते दारात येऊन बघून गेले. संत्रं शेवटी खाल्लं गेलं. सालीत हवा असते हे त्या दिवशी कुणाला सुचलं नाही, आणि मी सांगितलं नाही. चार दिवसांनी एका मुलीने साल पाण्याखाली दाबून बुडबुडे दाखवले. चार दिवस कळ काढणं मला जमलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. दरवेळी जमत नाही. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, चाचणी असते, खिचडीचा हिशोब असतो, ऑनलाइन माहिती भरायची असते, आणि मग मी सरळ उत्तर सांगून मोकळी होते.

सावलीचं एक राहिलं होतं. आमच्या गावावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या पाइपाला सावलीच नसते, शून्य सावली. एकदा मेच्या ११ तारखेच्या आसपास, आणि परत येताना ऑगस्टच्या एक-दोन तारखेला. मे महिन्यात शाळेला सुट्टी. ऑगस्टमध्ये ढग. माणात पाऊस पडेलच असं नाही, पण ढग असतात. निसर्गाने हे वेळापत्रक आमच्यासाठी मुद्दाम लावल्यासारखं आहे. एक वर्ष तर रविवारच आला होता.

त्या ऑगस्टला शुक्रवार होता. साडेबाराच्या आधीच सगळी पोरं फरशीवर. पाइप, वाळूचा डबा, ओळंबा, टेप. चौथीची पोरं पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली होती, तरी ओळंबा आला, गवंड्याच्या पोराच्या धाकट्या भावाबरोबर. गणिताने वेळ होती बारा अडतीसच्या सुमाराची. आभाळ भरलेलं. बारा तीस, काही नाही. बारा पस्तीस, उजेड जरा पिवळा झाला, सगळे ओरडले, परत गेला. एक बैल रस्त्याने गेला, त्याचीही सावली नव्हती. पोरांनी तेही लक्षात आणून दिलं.

एकपर्यंत थांबून आम्ही खिचडी खायला गेलो. संध्याकाळी वह्या पाहिल्या. आकडे खोडणारी ती मुलगी आता चौथीत होती. साहित्य आणि कृती तिने नेहमीसारखी सुवाच्य लिहिली होती. खाली निरीक्षण: 'ढग होते. १२ वाजून ३६ मिनिटांनी थोडं ऊन पडलं. सावली होती का नव्हती यावर भांडण झालं. मला थोडी दिसली.' अनुमानाच्या पुढे रेघ ओढून जागा कोरी सोडली होती.

मी तारीख घालून सही केली. कोऱ्या जागेत काही लिहिलं नाही.